चौतीस हजारांत जोडलेला पीसी: रायझन ५६००जीवर वर्षभर डीटीपी केल्यानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम भागेल. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतीचे फॉर्म, फ्लेक्स आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक अशी ज्याची कामं आहेत, त्याने वेगळं ग्राफिक कार्ड घेऊ नये. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यावा. त्याच्या आतच असलेल्या ग्राफिक्सवर हे सगळं नीट होतं. वाचलेले पैसे चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), जोडीतली रॅम, बरा मॉनिटर आणि दुकानाचं अर्थिंग यांवर खर्च करावेत. २०२४च्या दिवाळीनंतर मी असा पीसी स्वतः जोडला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा, एक पूर्ण लग्नसराई आणि दुसरीचा बराचसा भाग त्यावर गेला. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

माझं चिपळूणात डीटीपीचं छोटं काम आहे. कॉरेल ड्रॉ दिवसभर उघडं असतं. शेजारी इनडिझाइन, जुन्या गिऱ्हाइकांच्या फायलींसाठी पेजमेकर, मराठीसाठी श्री-लिपी, आणि ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, कारण प्रूफ आता कागदावर कोणी तपासत नाही. आधीचं मशीन आय३-३२२० या २०१२ सालच्या प्रोसेसरचं होतं: दोन कोर, एच६१ चिपचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम. साधी दोन रंगांची पत्रिका त्यावर आजही होईल. पण फ्लेक्सच्या एका फायलीत पुढाऱ्यांपासून वाढदिवसाच्या मुलापर्यंत पंचवीस चेहरे असतात, प्रत्येकाला सावली, प्रत्येकाच्या कडा पारदर्शक. सेव्ह म्हटलं की उठून चहा टाकावा लागायचा, आणि गिऱ्हाईक समोर खुर्चीवर बसलेलं. शिवाय विंडोज १०ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे जाहीर झालं होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर ते अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे रॅम वाढवून भागण्यासारखं राहिलं नव्हतं.

पर्याय बरेच समोर आले. ऑनलाइन ‘नवा कोअर आय५ पीसी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ अशी नऊ-दहा हजारांची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. त्यात पिढी कुठेच लिहिलेली नसते. खोदून विचारलं की कळतं, प्रोसेसर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा आहे, म्हणजे २०११-१२चा, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून काढलेला. खाली एच६१ चिपचा बोर्ड मात्र आत्ता बनवलेला, म्हणून सगळाच पीसी नवा म्हणून विकायचा. मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या प्रत्येक पालकाला मी हे सांगते: आय३, आय५, आय७ या अक्षरांना पिढीच्या आकड्याशिवाय काही अर्थ नाही. बाराव्या पिढीचा आय३ तिसऱ्या पिढीच्या आय५च्या कितीतरी पुढे आहे. दुकानदार पिढी सांगत नसेल तर तिथून उठावं.

दुसरं कोटेशन जवळच्याच एका दुकानाचं होतं. किंमत रास्त वाटत होती, पण कागद नीट वाचला तर त्यात ८ जीबीची एकच रॅम होती, एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट येणारा, आणि ‘डिझाइनिंगसाठी’ म्हणून जुनं जीटी ७१० ग्राफिक कार्ड. हे कार्ड ५६००जीच्या आतल्या व्हेगा ग्राफिक्सपेक्षा कमजोर आहे. म्हणजे पैसे देऊन मशीन मागे न्यायचं. डीटीपीवाल्यांच्या मनात ‘डिझाइन म्हणजे कार्ड’ हे इतकं घट्ट बसलंय की अशा कोटेशनवर कोणी प्रश्नच विचारत नाही. कॉरेलचं बहुतेक काम प्रोसेसर आणि रॅमवर होतं. कार्ड लागतं ते गेमिंगला, थ्रीडीला, जड व्हिडिओ एडिटिंगला.

म्हणून मुंबईला जाऊन एकेक भाग निवडून आणायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोड या तिथल्या कॉम्प्युटरच्या बाजाराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या माणसाला तिथे जायची उगाच धास्ती वाटते. कोकण रेल्वेने दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडायची आणि ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं. तिथून रस्ता चालत काही मिनिटांवर आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. बोलताना मात्र सगळे शंभर वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरचंच नाव घेतात. सकाळच्या गाडीने लवकर पोचलात तरी अकराच्या आधी बाजार नीट उघडत नाही, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दुकानं अरुंद, बरीचशी माडीवर. काउंटरवर एकाच वेळी चार जण आपापली यादी वाचत असतात. रॅम आणि एसएसडीचा भाव रोजचा असतो, त्यामुळे काल फोनवर सांगितलेला आकडा आज मिळेलच असं नाही. मोबाइलवर ऑनलाइन किंमत उघडी ठेवून बोललं तर बोलणं लवकर संपतं.

एका ठिकाणी ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं ऐकवलं. जीएसटी अठरा टक्के आहे, मोह होतोच. पण बिलाशिवाय घेतलेल्या मालाची वॉरंटी मागायला जायचं कुणाच्या जोरावर? प्रोसेसरला तीन वर्षं, एसएमपीएसला तीन-पाच वर्षं वॉरंटी असते, आणि ती सीरियल नंबर व बिलाच्या तारखेवर चालते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ट्रे’ प्रोसेसर. तो खोक्याशिवाय येतो, सोबत पंखा नसतो आणि वॉरंटीचं पक्कं कोणी सांगत नाही. हजारभर स्वस्त पडतो खरा, पण वेगळा पंखा घेतला की तेवढे गेले. सीलबंद खोकंच घ्यावं.

शेवटी ज्यांच्याकडे घेतलं, त्या काकांचं कौतुक करावंसं वाटतं. यादी वाचून त्यांनीही आधी विचारलंच, “ताई, डीटीपी आहे ना? मग कार्ड?”

मी म्हटलं, “काका, कॉरेलला कार्ड काय करणार ते सांगा, मग घेते.”

“तसं म्हणाल तर नाही लागत,” ते म्हणाले, “लोक मागतात म्हणून विचारतो. त्यापेक्षा मॉनिटरला दोन हजार जास्त घाला.”

हा सल्ला सोन्यासारखा होता. त्यांनी प्रत्येक सील माझ्यासमोर दाखवलं, बिलावर सगळे सीरियल नंबर टाकले, आणि न सांगता बोर्डावर दुकानातला प्रोसेसर लावून डिस्प्ले आणून दाखवला. बायॉसची (बोर्डाच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती पडद्यावर वाचून घेतली, कारण ५६००जी २०२१च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला, आणि बोर्ड त्याच्याआधीच्या साठ्यातला असेल तर बायॉस बदलल्याशिवाय प्रोसेसर ओळखत नाही. गावाकडून आलेल्या माणसाला बोर्ड बदलायला परत मुंबई गाठावी लागणं परवडत नाही. काउंटरवरची ही चाचणी कुठल्याही दुकानात हक्काने मागा. बोर्ड विकणारा ती करायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.

आता एकेका भागाकडे येते. किमती नोव्हेंबर २०२४च्या आहेत.

प्रोसेसर ११,६०० रुपये. सहा कोर, बारा थ्रेड, वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, वीज ६५ वॉट, सोबत एएमडीचाच छोटा पंखा. इंटेलच्या बाजूने आय३-१२१०० हाही चांगला पर्याय होता. चारच कोर असले तरी एकेक कोर जोरदार आहे, आणि नुसतं कॉरेल-पेजमेकर असतं तर तोच घेतला असता. पण माझ्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ कापायचं काम येऊ लागलं आहे, एकाच वेळी पाच गोष्टी उघड्या असतात, आणि व्हेगा ग्राफिक्स त्या आय३च्या ग्राफिक्सपेक्षा पुढे आहे. म्हणून ५६००जी.

बोर्ड बी५५०चा, मायक्रो एटीएक्स, ८,९०० रुपये. ए५२०चा बोर्ड यापेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि ५६००जी त्यावर व्यवस्थित चालतो. मी जास्तीचे पैसे दोन गोष्टींसाठी दिले: रॅमचे चार खाचे, आणि मागे एचडीएमआयसोबत डिस्प्लेपोर्ट. नवा मॉनिटर एकावर, जुना साडेअठरा इंची दुसऱ्यावर. डाव्या पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर, उजवीकडे पान. दुरुस्त्या करताना खिडक्यांची अदलाबदल संपली, आणि या एका सोयीने दिवसाचा किती वेळ वाचतो ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. प्रूफ वाचणाऱ्या प्रत्येकाला मी दोन पडदे सुचवीन, मशीन कुठलंही असो.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, ३२००चा वेग, ३,४०० रुपये. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. १६ची एक पट्टी घेतली काय आणि आठच्या दोन घेतल्या काय, एकूण सोळाच, असं वाटतं. पण ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते मुख्य रॅममधूनच घेतं. एक पट्टी असेल तर सेकंदाला सुमारे २५.६ जीबी माल ये-जा करतो, दोन असतील तर ५१.२. परशुराम घाटात एकच बाजू चालू असताना काय होतं ते आपल्या भागातल्या कोणाला सांगायला नको. पट्ट्या लावतानाही प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करावं, नाहीतर ३२००चे पैसे देऊन रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६वरच चालत राहते. शेजारच्या गावातल्या एका सायबर कॅफेतल्या मशीनवर मी हे बदलून दिलं. खर्च काही नाही, फरक तिथल्या मुलांच्या लगेच लक्षात आला.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, जलद), ३,३०० रुपये. जुन्या हार्डडिस्कवरून इथे आलात की विंडोज काही सेकंदांत उघडतं, यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही. जुनी एक टीबीची हार्डडिस्क बॅकअपला ठेवली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांतले सीपीयू गेले. सीपीयू नवा घेता येतो. वर्षानुवर्षांच्या ब्लॉकच्या, पत्रिकांच्या, सह्या-शिक्क्यांच्या फायली कुठून आणणार? माझं कॅबिनेट भिंतीत अँगल ठोकून वर ठेवलं आहे आणि बॅकअपची एक प्रत वरच्या मजल्यावर असते.

एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ३,९०० रुपये. “एवढा कशाला, कॅबिनेटसोबत येतो की,” असं मला जितक्या जणांनी सांगितलं, त्या सगळ्यांसाठी हा परिच्छेद. सोबत येणाऱ्यावर ५०० वॉट छापलेलं असतं, पण हातात घेतला की वजनावरूनच कळतं. आत कॉइल लहान, कपॅसिटर कमी, आणि व्होल्टेज वरखाली झाल्यावर मशीन वाचवणारी सर्किटं कित्येकदा नसतातच. आपल्याकडे जूनमध्ये विजा, सप्टेंबरात विजा, मधल्या काळात दिवसातून कितीदा लाईट जाते-येते. एसएमपीएस जळताना एकटा जळला तर नशीब म्हणायचं. बरेचदा बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो. माझ्या मशीनला खरं तर ५५० वॉट लागत नाहीत. प्लगला मीटर लावून पाहिलं, तर नुसतं चालू असताना तीसच्या आसपास आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना शंभरच्या आतबाहेर. पण मला भरवशाचा माल याहून कमी वॉटचा दुकानात सहज मिळाला नाही, आणि पुढे कधी कार्ड बसवलं तर तोच पुरेल.

कॅबिनेट २,६०० रुपये. याच्यात मी काच आणि रंगीत दिवे पाहिले नाहीत. पुढे जाळी हवी, आणि मागच्या खाचांच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या हव्यात. स्वस्त कॅबिनेटात या पट्ट्या तोडून काढायच्या असतात. एकदा तोडली की भोक कायमचं. कोकणात भोक म्हणजे पालीला आणि मुंग्यांना आमंत्रण. पाल उबेला आत जाते आणि बोर्डावर शॉर्ट होते, हे मी दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर पाहिलं आहे.

हे सगळं मिळून ३३,७०० झाले. २४ इंची आयपीएस मॉनिटरचे ८,२०० वेगळे. कीबोर्ड, माउस, यूपीएस जुनेच. विंडोजचं माझ्याकडे रिटेल लायसन्स होतं, ते नव्या मशीनवर हलवता आलं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी तो खर्च आधीच धरावा. ‘टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून चोरीचं विंडोज घेऊन त्यावर गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन करणं मला पटत नाही.

जोडायला एक दुपार पुरली. डिप्लोमाला असलेला भाचा टॉर्च धरून शेजारी होता. घाबरण्यासारखं यात फारसं काही नाही. जपण्यासारखं मात्र आहे. या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात, १,३३१. दांडी उचलायची, सोनेरी त्रिकोण जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो स्वतःच्या वजनाने बसतो. दाबायची वेळ आली तर काहीतरी चुकलंय. एएमडीचा पंखा चार स्क्रूंवर बसतो. त्याआधी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी पट्टी सुटते, म्हणून खालून हात धरायचा. थर्मल पेस्ट पंख्याला आधीच लावलेली असते. चारही स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. पुढे कधी पंखा काढायचा झाला, तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, पंखा हलका डावी-उजवीकडे फिरवायचा, मगच उचलायचा. सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही खाचेतून उपटून येतो आणि पिना वाकतात. सगळ्यात किचकट काम समोरच्या बटणाच्या बारीक वायरींचं. बोर्डाचं पुस्तक उघडं ठेवा. पॉवरच्या बटणाला उलट-सुलट चालतं, दिव्यांना चालत नाही. मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागे लावा. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहिला तर लगेच बंद करू नका. बोर्ड रॅम ओळखत असतो.

काम कसं होतं? ज्या फ्लेक्सच्या फायलींना आधी उठून जावं लागायचं त्या आता बोलता बोलता सेव्ह होतात. अडीचशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ होत असताना मी शेजारच्या पडद्यावर पत्रिका लावू शकते. श्री-लिपीचं डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) मागच्या यूएसबी २.० पोर्टात पहिल्याच दिवसापासून नीट चालतंय. पेजमेकरसुद्धा विंडोज ११वर उघडतं, आणि ज्यांच्याकडे वीस वर्षांच्या स्मरणिकांच्या फायली आहेत त्यांना या वाक्याचं मोल कळेल. आयपीएस मॉनिटरमुळे गिऱ्हाईक बाजूला बसून पाहतं तेव्हा त्याला आणि मला एकच रंग दिसतो. लाल छपाईत थोडा उतरणार हे मात्र तरीही आधी सांगावं लागतं. भाच्याने रात्री हलके गेम लावून पाहिले, तेही कमी सेटिंगवर चालले. नवीन भारी गेमची अपेक्षा या मशीनकडून ठेवू नये.

तक्रारी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना प्रोसेसर ऐंशी अंशांच्या घरात जातो आणि छोटा पंखा चांगलाच आवाज करतो. मर्यादा ९५ अंशांची आहे, त्यामुळे धोका नाही, पण फोनवर बोलताना त्रास होतो. कॅबिनेटसोबत आलेला मागचा पंखा पावसाळ्यानंतर खडखडायला लागला; १२० मिलिमीटरचा बरा पंखा साडेचारशेत आणून बदलला. स्वस्त कॅबिनेट घेणाऱ्याने हे पैसे आधीच मोजून ठेवावेत. आणि ५६००जीची एक मूळची मर्यादा: ग्राफिक कार्डाशी जोडणारा त्याचा मार्ग, पीसीआय एक्स्प्रेस, ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो. पुढे कार्ड घ्यायचं झालं तर आरएक्स ६५०० एक्सटीसारखी चारच लेनची (मार्गिकांची) कार्डं यावर मागे पडतात. ज्यांना वर्षभरात कार्ड घ्यायचंच आहे, त्यांनी ५६००जीऐवजी साधा ५६०० बघावा. त्यात ग्राफिक्स नाही, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) दुप्पट, ३२ एमबी आहे.

आता अर्थिंग. आमच्या जुन्या इमारतीत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. बरेच लोक हे ‘कॉम्प्युटरला करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांची एक बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असते. अर्थ नसेल तर त्या पत्र्यावर जवळपास अर्धं व्होल्टेज येऊन बसतं, त्यातून वाहणारा प्रवाह मात्र अगदी बारीक असतो. माणसाला तो टोचतो. यूएसबी पोर्ट, प्रिंटर आणि डोंगल यांना रोज हळूहळू मारत राहतो. वायरमनला बोलवून खड्डा खणून घेतला, मीठ-कोळसा घालून पाइप टाकला, तीन-पिन सॉकेट नवी बसवली आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मीटरवर पाहिलं. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, म्हणून एप्रिलपासून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालते. पीसीच्या कुठल्याही भागापेक्षा या खर्चाने मला जास्त निश्चिंत केलं. यूपीएस साधा ६०० व्हीएचा आहे, बॅटरी नवी घातली. एका मॉनिटरसह काम सेव्ह करून बंद करायला भरपूर वेळ मिळतो. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवते, सुट्टीतसुद्धा. बंद पडून राहिलेल्या बोर्डावर ओल धरते.

आज हाच पीसी याच पैशात होणार नाही, आणि याचं कारण रॅम. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलं. २०२५च्या शेवटी तर मायक्रॉनने क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी घेतलेल्या रॅमचा भाव दुपटीच्या वर गेला आहे. एसएसडीही महागल्या. या परिस्थितीत मला ५६००जी आणखीच योग्य वाटतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांना डीडीआर५ रॅमच लागते. ५६००जीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ चालते, आणि ती सहाव्या पिढीपासूनच्या कित्येक जुन्या ऑफिस-मशीनमध्ये आहे. नात्यात, ओळखीत कोणी पीसी मोडीत काढत असेल तर डेस्कटॉपच्या लांब पट्ट्या मागून घ्या. लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या बसत नाहीत. शक्यतो एकाच वेगाच्या आणि सारख्याच जीबीच्या दोन शोधा. २६६६ची जोडी मिळाली तरी ३२००च्या एकट्या पट्टीपेक्षा ती बरी.

वापरलेली रॅम दुकानातून घेत असाल तर बदलून देण्याची निदान आठवड्याची बोली बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका, मशीन त्यावरून चालू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एकही एरर दिसली, तर ती पट्टी त्याच दिवशी परत करा.